सस्कॅचवनमध्ये शिक्षक होताय? 'माझी भूमिका' लिहिण्याआधी करार वाचा

प्रेअरीकर (धागाकर्ता)

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात बी.एड. करणाऱ्यांना 'शिक्षक म्हणून माझी भूमिका' असं दीड-दोन पानी निवेदन लिहावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीतही त्यातलीच वाक्यं पकडून प्रश्न येतात. मराठी उमेदवारांचे मसुदे बहुतेक एका साच्यातले असतात: "प्रत्येक मूल वेगळं असतं. मी सर्वांना सामावून घेईन. विद्यार्थ्यांशी माझं नातं विश्वासाचं असेल. मूलनिवासी संस्कृतीचा मी आदर करीन."

चारही वाक्यं खरी आणि चारही बिनकामाची. याच्या उलट कोण लिहिणार आहे? "मी काही मुलांना बाहेर ठेवीन" असं? ज्या वाक्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, ती भूमिका नव्हे.

या प्रांतात २००७ पासून बालवाडी ते बारावी करार-शिक्षण सक्तीचं आहे, म्हणजे मूलनिवासी राष्ट्रं आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात जमिनीबद्दल झालेल्या करारांचं शिक्षण. त्याची चार सूत्रं आहेत: करारातून आलेलं नातं, करारामागचा भाव आणि हेतू, ऐतिहासिक पार्श्वभूमी, आणि करारातली वचनं व तरतुदी. प्रत्येक इयत्तेला या चारही सूत्रांखाली काय साधायचं ते ठरलेलं आहे. विषय मात्र वेगळा नाही. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांतच तो विणायचा असतो. म्हणूनच तो सगळ्यांचा, आणि म्हणूनच बऱ्याचदा कुणाचाच नाही.

समावेशन, नातं आणि करार हे तीन वेगळे परिच्छेद करू नका, एवढं सुचवण्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

---

दौतटाक

आधी शब्दांचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

'ट्रीटी'ला मराठीत 'तह' हा शब्द तयारच आहे. पुरंदरचा तह, साल्बाईचा तह, वसईचा तह. पण तह म्हटलं की मागे लढाई येते, कोण जिंकलं कोण हरलं ते येतं, किल्ले आणि खंडणी येते. कॅनडातले क्रमांकित करार (करार १ ते करार ११, सन १८७१ ते १९२१) लढाईत हरलेल्यांनी केलेले नाहीत. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांवर, बायसनचे कळप संपत चालले होते, देवीच्या साथीनं माणसं गेली होती, आणि ब्रिटिश राजसत्तेला वसाहतीसाठी व रेल्वेसाठी जमीन हवी होती. दोन्ही पक्ष गरजेपोटी बसले. म्हणून 'करार' बरा. आपल्याकडचा 'कौल' हा शब्द भावार्थानं आणखी जवळ जातो: राज्यानं वस्ती वसवण्यासाठी दिलेलं अभयवचन. फरक एवढाच की कौल वरून खाली दिला जायचा, आणि इथे दोन स्वतंत्र राष्ट्रं समोरासमोर होती.

'आदिवासी' हा शब्द वापरलात तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गडचिरोली-नंदुरबार येतं, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा येतो. तिथे हक्क राज्यघटनेतून आणि कायद्यातून आले, इथे करारातून. तुलना करायचीच असेल तर हा फरक आधी सांगा. शक्य तिथे राष्ट्राचं नाव घ्या: क्री, सोटो, नकोडा, डकोटा, लकोटा, डेने. मेटी लोक (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) वेगळे. त्यांच्याशी जमिनीचा व्यवहार मुख्यतः 'स्क्रिप' नावाच्या कागदी पत्रांनी झाला. डकोटा आणि लकोटा यांनी क्रमांकित करारांवर सह्या केलेल्या नाहीत. 'सगळ्या मूलनिवासींनी करार केले' असं वर्गात बोललात की पहिल्याच दिवशी चूक.

---

खडूची_धूळ

दौतटाक, सहमत. आता प्रत्यक्ष तासाचं. सहावी-सातवीला चालणारा एक पाठ तपशिलात देतो.

आधी शाळा कुठल्या करारभूमीवर आहे ते बघा. प्रांतात २, ४, ५, ६, ८ आणि १० हे करार येतात. रजायना करार ४ मध्ये (फोर्ट कपेल, १५ सप्टेंबर १८७४), सॅस्कटून करार ६ मध्ये (१८७६, फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट). दुसऱ्याच कराराचा मजकूर घेऊन शिकवणारे कमी नाहीत, आणि आकडे सगळीकडे सारखे नाहीत. समूहासाठी राखून ठेवायची जमीन (रिझर्व्ह) करार ४ आणि ६ मध्ये पाच माणसांच्या कुटुंबामागे १ चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. करार २ मध्ये १६० एकर. राजसत्तेनं द्यायचा वार्षिक तनखा करार २ मध्ये आधी माणशी ३ डॉलर होता, १८७५ मध्ये तो ५ केला.

पहिला तास, ४० मिनिटं, चार-चार मुलांचे गट. प्रत्येक गटाला करारपदकाच्या (राजसत्तेनं करारावेळी चीफना दिलेल्या पदकाच्या) दोन्ही बाजूंचं मोठं छायाचित्र द्या, निदान वीतभर. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया. दुसऱ्या बाजूला चीफ आणि राजसत्तेचा अधिकारी हातात हात घेऊन उभे, पायाशी जमिनीत रुतलेली कुऱ्हाड, मागे टिपी तंबू आणि क्षितिजावर सूर्य. दहा मिनिटं फक्त पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं. अर्थ लावायचा नाही. मग इंग्रजी मजकुरातलं एकच कलम द्या, जमीन 'सोडून देतो, हवाली करतो' असं म्हणणारं. प्रश्न एकच: पदकावरची कुठली गोष्ट या कलमात नाही? मुलं सूर्यावर बोट ठेवतात. तिथून 'सूर्य तळपतो, गवत उगवतं आणि नद्या वाहतात तोवर' हे तोंडी वचन सांगायचं. करार ६ मधले एल्डर (समाजानं मानलेले जाणते) सांगतात की जमीन दिली ती नांगराच्या फाळाइतकीच खोल. कागद एक बोलतो आणि ऐकलेलं दुसरं. 'भाव आणि हेतू' हे सूत्र याच फटीत आहे.

दुसरा तास गणिताचा. ३०० माणसांच्या समूहाला किती जमीन? ३०० भागिले ५ म्हणजे ६० चौरस मैल, ३८,४०० एकर. आता समजा मोजणीच्या वेळी ६० जण शिकारीला गेले होते आणि तनख्याच्या यादीत २४०च नावं आली. मग ४८ चौरस मैल. तूट १२ चौरस मैल, ७,६८० एकर. आकडे उदाहरणापुरते, पण अशा तुटी खरोखर राहिल्या. १९३० मध्ये सरकारी जमीन प्रांताच्या ताब्यात गेली आणि भरपाई आणखी अवघड झाली. १९९२ मध्ये सस्कॅचवनमध्ये त्यासाठी चौकट-करार झाला. ज्या समूहांची जमीन कमी भरली होती त्यांना ती विकत घेण्यासाठी पैसे, असं त्याचं स्वरूप.

काय बिघडतं: 'कुणी कुणाला फसवलं?' हा प्रश्न शिक्षक पहिल्याच मिनिटाला विचारतात. मग मुलं बाजू घेतात आणि पुरावा पाहणं थांबतं. दुसरं, ५ डॉलर ऐकून वर्ग हसतो. हसू द्या, मग सांगा की तो तनखा आजही माणशी ५ डॉलरच आहे आणि करारदिनी रोख दिला जातो. हसणं आपोआप थांबतं.

---

रोखठोक

सगळं ठीक, पण एक सरळ प्रश्न. करार केला ब्रिटिशांनी. आपण स्वतः त्यांचीच वसाहत होतो. पुण्या-नाशिकहून पाच वर्षांपूर्वी आलेल्या माणसानं 'आपण सगळे करारातले' हे इथलं नेहमीचं वाक्य का म्हणायचं? वर्गातले नायजेरियन, फिलिपिनो, गुजराती पालक हेच विचारतात. 'इतिहास समजून घ्या' हे उत्तर नको, ते फार पोकळ वाटतं.

---

प्रेअरीकर

रोखठोक, प्रश्न बरोबर आहे आणि मुलाखतीत हमखास येतो. अपराधभावाच्या अंगानं उत्तर दिलंत तर अडकाल. हक्काच्या अंगानं द्या.

इथे घर घेता, ती जमीन राजसत्तेकडे कशी आली? राजसत्तेचं उत्तर आहे: करारानं. म्हणजे वस्ती करण्याचा तुमचा हक्कही करारातूनच येतो. एल्डर हेच सांगतात: करारहक्क फक्त फर्स्ट नेशन्सना (क्री, डेने यांसारख्या मूलनिवासी राष्ट्रांना) नाहीत, इथे येऊन शांततेनं राहण्याचा आणि कमावण्याचा हक्क हा दुसऱ्या पक्षाचा करारहक्क. आपण तो रोज वापरतो. पितापुत्राच्या वादात नवा भाडेकरू निर्दोष असतो, पण भाडेकरार कुणाशी झालाय ते त्यालाही बघावं लागतं.

दुसरं, नागरिकत्वाची शपथ. २०२१ पासून तिच्या शब्दांतच आहे की राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इन्युइट (आर्क्टिककडचे मूलनिवासी) आणि मेटी लोकांचे मूळ आणि करारातले हक्क मानते. हात वर करून ते वाक्य उच्चारलं की 'माझा काय संबंध' म्हणायची सोय संपते. घटनेतलं ते कलम ३५, सन १९८२.

आणि 'वसाहत होतो म्हणून आपण वेगळे' या मुद्द्यावर फोर्ट कपेलचं उदाहरण द्या. करार ४ च्या बोलणीत जमिनीच्या मुद्द्याआधी काही दिवस हडसन्स बे या ब्रिटिश फर-व्यापारी कंपनीवरच वाद चालला. कंपनीला या भूभागाच्या हक्कापोटी ३ लाख पौंड मिळाले होते. जमीन आमची, मग पैसे कंपनीला कसे, असा तिथल्या चीफ मंडळींचा सवाल होता. व्यापारी कंपनीनं मुलखावर हक्क सांगायचा आणि सरकारनं तो विकत घ्यायचा, ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

---

रोखठोक

भाडेकरूचा दाखला ओढूनताणून आहे (पितापुत्र कुठून आले?), पण शपथेचा मुद्दा मान्य. तो घेतो.

---

सॅस्कटूनची_मंदा

एल्डरना वर्गात बोलावण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि सर्वात जास्त चुका तिथेच होतात.

एल्डर म्हणजे वयानं मोठा माणूस नव्हे. समाज ज्यांना ज्ञानासाठी मानतो ते. त्यामुळे 'कुणाचे तरी आजोबा आहेत, बोलवू या' असं चालत नाही. शाळा-विभागात मूलनिवासी शिक्षणाचे सल्लागार असतात, आधी त्यांना विचारा. सॅस्कटूनच्या करार-आयुक्त कार्यालयाकडून वक्तेही मिळतात.

विनंती करताना तंबाखू द्यायचा. विनंती करतानाच, कार्यक्रम झाल्यावर नाही. सुटा तंबाखू, कापडाच्या तुकड्यात बांधलेला. काही ठिकाणी सोबत कापडही देतात, रंग ठिकाणागणिक बदलतो, म्हणून आधी विचारा. तंबाखू स्वीकारला म्हणजे विनंती स्वीकारली. स्वीकारला नाही तर आग्रह करू नका, 'जमणार नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. मानधन वेगळं, तंबाखूच्या बदल्यात नाही. शाळेच्या कार्यालयाकडून त्याची मंजुरी आधी घ्या आणि पाकीट त्याच दिवशी हातात द्या. 'चेक सहा आठवड्यांनी घरी येईल' हे अपमानासारखं लागतं. ने-आण, खुर्ची (चटईवर बसवू नका, गुडघे बोलतात), चहा, जेवण, आणि दारापासून वर्गापर्यंत सोबत करायला दोन मुलं.

मुलांना आधी सांगा की मध्येच हात वर करून प्रश्न विचारायचे नाहीत. एल्डर गोष्ट सांगून थांबतील, अर्थ सांगणार नाहीत. शिक्षकांना ती शांतता सहन होत नाही आणि ते उठून "म्हणजे यातून आपण काय शिकलो?" विचारतात. हे करू नका! गोष्टीचा अर्थ ऐकणाऱ्यानं स्वतः शोधायचा असतो. तुमची कार्यपत्रिका दुसऱ्या दिवशी काढा.

आणि विषय तासाला बांधू नका. ४० मिनिटांची घंटा झाली म्हणून एल्डरना तोडता येत नाही. दुपारचं सबंध सत्र मोकळं ठेवा.

---

खडूची_धूळ

मंदाताई +१. एक पुरवणी: सेज ही सुवासिक वनस्पती जाळून धूप देणार असतील (स्मजिंग) तर इमारतीच्या देखभाल कर्मचाऱ्याला आदल्या दिवशी कळवा. धुराची घंटा वाजून सगळी शाळा बर्फात उभी राहिली की पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही. दम्याच्या मुलांच्या घरी आधी चिठ्ठी जाऊ द्या. भाग घेणं ऐच्छिक, नको असलेलं मूल वर्गातच बाजूला बसलं तरी चालतं. आणि पिसांचे मुकुट, कागदी पाइप असली हस्तकला अजिबात नको. त्या कमावलेल्या आणि पवित्र वस्तू आहेत.

---

पाटीपेन्सिल

विशेष गरजांच्या बाजूनं लिहिते. 'समावेशन' म्हणजे अपंग मूल वर्गात बसवणं एवढाच अर्थ भूमिकेत दिसतो. सस्कॅचवनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात आणि मुलाखतीत त्या विचारतात.

एक, 'अ‍ॅडॅप्टिव्ह डायमेन्शन'. यात साध्य तेच राहतं. वातावरण, शिकवण्याची रीत, मूल्यमापन आणि साधनं बदलतात. वरच्या पदकाच्या पाठात लिहिता न येणारं मूल तोंडी सांगेल, किंवा छायाचित्रावर बोट ठेवून दाखवेल. साध्य बदललेलं नाही, कारण पाहणं आणि तुलना करणं हेच साध्य होतं, लिहिणं नाही. हे प्रत्येक शिक्षकाचं रोजचं काम, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन, आय.आय.पी., म्हणजे समावेशन आणि हस्तक्षेप आराखडा. ज्या मुलाला सखोल आधार लागतो त्याच्यासाठी. त्यात आत्ताची पातळी, वर्षअखेरीचं साध्य, मधले छोटे टप्पे, कोण काय करणार. "संवाद सुधारेल" हे साध्य नव्हे. "तीन चित्रकार्डांतून एक निवडून मदतीशिवाय विश्रांती मागेल, पाचपैकी चार वेळा" हे साध्य. मोजता आलं पाहिजे.

कुठे फसतं? मदतनीस मुलाला चिकटून बसतो. मग शिक्षक मदतनिसाशी बोलतात, मुलाशी नाही, आणि वर्गमित्रही येत नाहीत. मदतनिसाला सबंध वर्गात फिरू द्या आणि त्या मुलाशेजारची खुर्ची मुलांसाठी मोकळी ठेवा. दुसरं, आराखडा सप्टेंबरात लिहून कपाटात. तिसरं, आधारवर्गासाठी मुलाला बाहेर नेतात ते नेमकं समाजशास्त्राच्या तासाला, कारण तो 'हलका' तास! म्हणजे जे क्री मूल वाचनात मागे आहे, तेच त्याच्या लोकांचा करार शिकवला जाताना वर्गात नसतं. वेळापत्रक बघा, हे दिसेल.

करारांशी थेट दुवाही आहे. करार ६ मध्ये औषधपेटीचं कलम आहे: इंडियन एजंटच्या (रिझर्व्हवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) घरी औषधांची पेटी ठेवायची. ते पेटीपुरतं की सगळ्या आरोग्यसेवेपुरतं यावर न्यायालयांत वाद झाले. १९३५ च्या निकालानं व्यापक अर्थ घेतला, १९६६ मध्ये सस्कॅचवनच्या अपील न्यायालयानं संकुचित. आणि २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं जॉर्डन्स प्रिन्सिपल हे तत्त्व मान्य केलं. फर्स्ट नेशन्सच्या मुलाला सेवा लागली तर आधी द्या, खर्च केंद्राचा की प्रांताचा ते मागाहून भांडा. वाचा-उपचार किंवा चाकाची खुर्ची अडली असेल तर या नावानं अर्ज करता येतो, हे नव्या शिक्षकाला ठाऊक हवं.

---

रोखठोक

ब्लँकेट एक्सरसाइज करावी का? सगळेच सुचवतात. कांबळी म्हणजे मूलनिवासींची जमीन असं धरून ती अंथरायची आणि त्यावर उभं राहायचं, इतिहास पुढे सरकतो तशी कांबळी घड्या करून लहान करायची, माणसं 'जातात', तो प्रकार.

---

सॅस्कटूनची_मंदा

प्रशिक्षित संचालकाशिवाय नाही. तो १९९७ पासूनचा उपक्रम आहे, त्याचं ठरलेलं कथन आहे आणि शेवटी बोलण्याचं वर्तुळ असतं, म्हणजे गोल बसून एकेकानं मनातलं सांगायचं. शाळांमध्ये वेळ कमी म्हणून नेमकं ते वर्तुळच कापतात, आणि मुलं कालवलेल्या मनानं थेट पी.टी.ला जातात. वर्तुळाला निदान उपक्रमाइतकाच वेळ द्या. 'पुढे' म्हणून बोलणं टाळायचा हक्क प्रत्येकाला हवा.

निवासी शाळांचा (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी व चर्चच्या शाळांचा) विषय असेल तर आणखी जपून. पुन्निची इथली निवासी शाळा १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे वर्गातल्या मुलाचे आईवडील किंवा आजीआजोबा तिथे गेलेले असू शकतात. घरी आधी कळवा. वर्गातल्या एकुलत्या क्री मुलीकडे वळून "तुमच्यात काय करतात?" विचारू नका. ती विद्यार्थी आहे, प्रदर्शन नव्हे. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

आणि निवासी शाळा शिकवताना करार सोडू नका. करार ४ मध्ये वचन होतं ते रिझर्व्हवर शाळा चालवण्याचं. करार ६ मध्येही शाळा रिझर्व्हवर, आणि तिथल्या लोकांची इच्छा असेल तेव्हा. मिळाली ती दूरची निवासी शाळा, आणि १९२० मध्ये सक्ती. दोन कागद शेजारी ठेवले की शिक्षकाला भाषण करावं लागत नाही.

---

दौतटाक

नात्याबद्दल थोडं. क्रीमध्ये 'वाहकोहतोविन' म्हणजे नातेसंबंध, माणसांचे आणि बाकी सृष्टीचेही. 'मियो-विचेहतोविन' म्हणजे चांगलं नातं राखणं. हे शब्द भूमिकेत शोभेसाठी टाकू नका. उच्चार एखाद्या क्री भाषकाकडून ऐका, आणि मग वर्गात काय बदलेल ते लिहा.

उदाहरण: क्री नातेपद्धतीत चुलत-मावस भावंडं सख्ख्यासारखी, आते-मामे भावंडांना वेगळे शब्द. मराठी माणसाला हे चटकन कळावं, आपल्याकडेही मावसबहीण ती बहीण आणि मामेबहिणीचं गणित बऱ्याच समाजांत वेगळं. म्हणून "माझ्या भावाच्या अंत्यविधीला गेलो होतो" असं मूल म्हणालं आणि नोंदीत भाऊ नाही, तर ते खोटं बोलत नाहीये. अंत्यविधी काही दिवस चालतात. गैरहजेरीचे गुण कापू नका. अर्जावर 'आई / वडील' या दोन रकान्यांऐवजी 'घरी कुणाला फोन करू?' असा एक रकाना ठेवा. तो फोन आजी उचलेल.

---

प्रेअरीकर

पाटीपेन्सिल, वेळापत्रकाचा मुद्दा सोन्यासारखा. आता वरच्या चार वाक्यांच्या जागी काय लिहावं त्याचा नमुना. कुणीही तसाच उचलू नका, परीक्षक हा धागा वाचत नसतील असं धरून चालू नका.

"माझा वर्ग करार ४ च्या भूमीवर भरतो आणि इथे राहण्याचा माझा हक्क त्या करारातून येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलं नकाशावर शाळा आणि जवळचं रिझर्व्ह शोधतील. गणितात करारातले आकडे येतील, भाषेत करारातली कलमं. आधारवर्गासाठी कुणालाही करारपाठाच्या वेळी बाहेर पाठवणार नाही. लेखी उत्तराला तोंडी पर्याय सर्वांनाच असेल, मागावा लागणार नाही. पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन, तक्रारीचा नाही. एल्डरना सल्लागारामार्फत, तंबाखू देऊन, वर्षातून निदान दोनदा बोलावीन, आणि दुसऱ्यांदा बोलावताना पहिल्या वेळचं मुलांना काय आठवतं ते आधी विचारून घेईन."

यातल्या प्रत्येक वाक्यावर "जमलं नाही तर?" असा प्रश्न येणार. फोन लागला नाही तर? एल्डरनी तंबाखू घेतला नाही तर? मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदलायला नकार दिला तर? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून मगच मुलाखतीला जा.

---

पाटीपेन्सिल

"सर्वांनाच असेल" याच्या जागी कोणत्या दोन-तीन प्रकारे ते लिहा: ध्वनिमुद्रण, चित्र, जोडीदाराला सांगून लिहून घेणं. आणि २४ मुलांचे फोन सहा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला चार. दिवस ठरवून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात फक्त तक्रारीचेच फोन उरतात.